शाळेतल्या खेळासाठी निधी कसा मिळवायचा: नव्या मुख्याध्यापकांसाठी आणि क्रीडाशिक्षकांसाठी

वेळापत्रकात खेळाचा तास असतो, पण कपाटात हवा गेलेले दोन चेंडू, एक गाठी मारलेली दोरी आणि पाच-सहा गंजलेली लेझीम एवढंच असतं. मग शिक्षकांच्या खोलीत ठरलेलं वाक्य येतं, "खेळाला पैसाच येत नाही." पैसा येतो. फक्त तो एका खिडकीवर मिळत नाही. थोडा शिक्षण विभागाकडे असतो, थोडा क्रीडा खात्याकडे, थोडा ग्रामपंचायतीत, थोडा कंपन्यांकडे. प्रत्येकाचे नियम निराळे, मागणीचा महिनाही निराळा. महाराष्ट्रातल्या शाळेसाठी हे कागद मी स्वतः फिरवले आहेत. त्यातून जो क्रम सोयीचा वाटला, तो इथे देतो. क्रम मोडू नका. पुष्कळ जण थेट आमदारांच्या कार्यालयात अर्ज देऊन येतात आणि मग सात-बारा शोधायला लागतात.

१. आधी गरजेचे तीन ढीग करा

कोरा कागद घ्या आणि शाळेला हवं असलेलं सगळं तीन भागांत लिहा.

पहिला भाग साहित्याचा: चेंडू, दोऱ्या, रिंगा, कोन, लेझीम, डंबेल्स, उंच उडीचे स्टँड, मोजपट्टी, शिट्ट्या, प्रथमोपचार पेटी.

दुसरा भाग जागेचा: सपाटीकरण, मुरूम, कुंपण, धावनमार्ग, खो-खो-कबड्डीची मैदानं, पुरलेला मल्लखांब, साहित्याची खोली, पिण्याचं पाणी.

तिसरा भाग माणसाचा: क्रीडाशिक्षक किंवा प्रशिक्षक, त्याचं मानधन, स्पर्धेचा प्रवास, मुलांचा खाऊ.

ही वाटणी हौसेची नाही, कारण ढीग बदलला की दार बदलतं. साहित्याला पैसा सर्वांत सहज मिळतो. जागेला मोठा मिळतो, पण वेळ लागतो आणि तो बहुतेकदा शाळेच्या खात्यात येतच नाही. माणसासाठी पैसा मिळवणं सर्वांत अवघड. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असं म्हटलं आहे. पण ती नेमणूक शासनाच्या हातात, तुमच्या अर्जाने ती होत नाही. त्यामुळे पहिल्या वर्षी साहित्य मागा, सोबत जागेचा प्रस्ताव लावून द्या, आणि माणसाची सोय गावातल्या जुन्या खेळाडूंकडून किंवा एखाद्या कंपनीच्या मदतीतून होते का ते पाहा.

२. तुमची शाळा कोणत्या गटात बसते?

जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका यांच्या शाळांना समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शालेय शिक्षण योजनेतून क्रीडा अनुदान मिळतं. खासगी अनुदानित शाळेला ते मिळत नाही, मात्र क्रीडा विभागाच्या क्रीडांगण विकास योजनेसाठी ती अर्ज करू शकते. स्वयंअर्थसहाय्यित शाळेने सरकारी दारांवर वेळ घालवू नये. तिच्यासाठी सीएसआर (कंपन्यांनी सामाजिक कामावर खर्चायचा पैसा), देणगीदार आणि माजी विद्यार्थी हेच मार्ग, आणि तेही संस्थेची नोंदणी व लेखापरीक्षण चोख असेल तरच.

३. यू-डायस प्लसमधली नोंद तपासा

हे काम दहा मिनिटांचं आहे आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्षित. यू-डायस प्लस ही शाळांच्या माहितीची केंद्र सरकारची ऑनलाइन नोंद. तिथे तुमच्या अकरा अंकी यू-डायस क्रमांकासमोर खेळाच्या मैदानाची नोंद काय आहे ते बघा. मैदान आहे आणि नोंदीत "नाही" असेल, तर मैदान विकासाचा प्रस्ताव पहिल्याच टेबलावर थबकतो. उलट मैदान नाही आणि कुणीतरी "आहे" भरून ठेवलं असेल, तर तुमची गरज कागदावर दिसतच नाही. पटाचंही तसंच. संयुक्त शाळा अनुदान (समग्र शिक्षेतूनच शाळेच्या किरकोळ खर्चासाठी येणारं) पटावरून ठरतं, आणि या माहितीचा संदर्भ दिनांक सहसा ३० सप्टेंबर असतो. चूक दिसली तर केंद्रप्रमुखांना लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं पुढच्या वर्षी कुणाला आठवत नाही.

४. फाइल एकदाच बांधा

पुढचं कोणतंही दार ठोठावलं तरी कागद जवळपास हेच लागतात. सगळ्यांच्या तीन-तीन प्रती आणि मोबाइलमध्ये स्कॅन ठेवा.

- शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, इतिवृत्ताच्या पानासह
- यू-डायस अहवालाची प्रत आणि इयत्तावार पट, मुलगे-मुली वेगळे
- जागेचा सात-बारा. गावठाणातली शाळा असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. शहरात मालमत्ता पत्रक
- जागा शाळेच्या नावावर नसेल तर नोंदणीकृत भाडेपट्टा आणि मालकाचं ना-हरकत पत्र
- मैदानाचा मोजमापासह हाती काढलेला नकाशा आणि चारही बाजूंनी काढलेले फोटो
- सध्याच्या साहित्याची यादी, जडसंग्रह (टिकाऊ वस्तूंच्या) नोंदवहीतून
- मागच्या दोन-तीन वर्षांतला स्पर्धांतला सहभाग. बक्षिसं नसली तरी प्रवेशिका जोडा
- बँक पासबुकाचं पहिलं पान किंवा रद्द केलेला धनादेश
- खासगी संस्थेसाठी नोंदणी प्रमाणपत्र, विश्वस्तांची अद्ययावत यादी (परिशिष्ट एक), पॅन, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, आयकर सवलतीची १२ ए आणि ८० जी प्रमाणपत्रं

ठराव मोघम लिहू नका. "खेळाचे साहित्य खरेदी करण्याचे ठरले" यावर कुणी पैसे देत नाही. काय, किती नग, कोणत्या इयत्तांसाठी, कोणत्या निधीतून, आणि निगा कोण राखणार हे ठरावातच असू द्या. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. सह्यांच्या पानावर तसं दिसत नसेल तर ठरावावर आक्षेप येऊ शकतो.

जागेची मालकी हा सर्वांत मोठा अडथळा. गावातल्या पुष्कळ शाळांची मैदानं कुणीतरी आजोबांच्या काळात तोंडी दिलेली असतात. दानपत्र नसतं, उताऱ्यावर अजून त्यांचंच नाव. नातवंडांनी उद्या हरकत घेतली तर कुंपणाचा खर्च वाया, म्हणून सरकारी यंत्रणा अशा जागेवर खर्च करत नाही. आधी तलाठ्याकडे जाऊन उतारा काढा. तिथे अडचण दिसली तर त्या वर्षी जागेचा नाद सोडून साहित्याच्या मागे लागा आणि मालकीचं काम बाजूने सुरू ठेवा.

५. आता दारं, एकेक करून

*समग्र शिक्षा.* २०१८ पासून सर्व शिक्षा अभियान आणि माध्यमिक शिक्षा अभियान या एका योजनेत आले. तिच्यात खेळ व शारीरिक शिक्षणासाठी वेगळं वार्षिक अनुदान आहे: प्राथमिक शाळेला ५,००० रुपये, उच्च प्राथमिकला १०,००० आणि माध्यमिक-उच्च माध्यमिकला २५,००० पर्यंत. शाळेच्या किमान दोन विद्यार्थ्यांनी खेलो इंडियाच्या राष्ट्रीय शालेय स्पर्धेत पदक मिळवलं, तर २५,००० पर्यंत जादा मिळण्याचीही तरतूद आहे. या अनुदानासाठी वेगळा अर्ज नसतो. पण आलं की नाही, किती आलं, कोणत्या लेखाशीर्षाखाली आलं हे गट साधन केंद्रात जाऊन विचारावं लागतं. काही वर्षी ते उशिरा येतं आणि मार्चअखेरच्या आत संपवा म्हणून निरोप येतो. म्हणूनच यादी आणि ठराव आधी तयार ठेवायचा.

पाच हजारांत काय घ्यायचं? माझं स्पष्ट मत: क्रिकेटचा संच घेऊ नका. बॅट, पॅड, यष्ट्या यांत सगळे पैसे जातात आणि एका वेळी खेळतात दोघं-तिघं, बाकीचे उन्हात उभे. त्याऐवजी उड्यांच्या दोऱ्या, रिंगा, रंगीत कोन आणि लहान चेंडू घ्या. तासाला चाळीस मुलं असतील तर चाळीसही हलली पाहिजेत. खो-खोचे खांब गावातल्या सुताराकडूनही होतात, फक्त जमिनीवरची उंची १२० ते १२५ सेंटिमीटर आणि पृष्ठभाग गुळगुळीत असल्याची खात्री करा. पत्र्याच्या कडा असलेलं काहीही घेऊ नका.

क्रीडा अनुदान कमी पडलं तर संयुक्त शाळा अनुदानाकडे पाहता येतं. त्यातून नादुरुस्त साहित्य बदलणं, खेळसाहित्य आणि किरकोळ देखभाल बसते. मात्र त्यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेसाठी राखीव असतो, आणि वीजबिल-इंटरनेटही त्यातूनच जातं. त्यामुळे फार भरवसा ठेवू नका.

*जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय.* जागेच्या कामासाठी हे मुख्य दार. क्रीडा व युवक सेवा विभागाची क्रीडांगण विकास अनुदान योजना जिल्हा वार्षिक योजनेतून राबवली जाते. सपाटीकरण, कुंपण, धावनमार्ग, खेळांची मैदानं, साहित्य ठेवण्याची खोली, प्रसाधनगृह, पाणी अशी कामं त्यात येतात. व्यायामशाळा विकासासाठी वेगळी योजना आहे. कमाल रक्कम शासन निर्णयागणिक बदलते, तेव्हा चालू निर्णयाची प्रत कार्यालयातूनच मागून घ्या आणि अटींवर पेन्सिलीने खुणा करा.

जिल्हा वार्षिक योजनेचे तीन भाग असतात: सर्वसाधारण, अनुसूचित जाती उपयोजना आणि आदिवासी उपयोजना. तुमची वस्ती किंवा शाळा नंतरच्या दोनपैकी एकात बसत असेल तर तसा उल्लेख अर्जाच्या पहिल्या परिच्छेदातच करा. सर्वसाधारणमध्ये गर्दी मोठी असते.

या प्रस्तावाला अभियंत्याचं अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता लागते. पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात जाऊन शाखा अभियंत्याला प्रत्यक्ष मैदानावर आणा. तिथे आग्रहाने दोन गोष्टी अंदाजपत्रकात घालून घ्या. एक, पाण्याचा उतार आणि चर. दोन, काळी माती असेल तर वरचा थर काढून मुरूम टाकणं आणि रोलरने दबाई. हे सुटलं तर पहिल्या पावसात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा, आणि दुसऱ्यांदा त्याच मैदानाला कुणी पैसे देत नाही. पावसाळ्यात मातीकाम होत नाही. म्हणून प्रस्ताव आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला, एप्रिल ते जुलैदरम्यान गेला तर दिवाळीनंतर काम सुरू होण्याची आशा असते. जानेवारीत गेलेला प्रस्ताव "पुढच्या वर्षी बघू" या गठ्ठ्यात जातो.

*ग्रामपंचायत.* १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली होती, ४० टक्के अबंधित. मैदानाचं काम मागायचं ते अबंधित भागातून. पण मैदानाजवळचा नळ आणि मुलींचं स्वच्छतागृह बंधित भागात बसतं, हे सरपंचांना दाखवून द्या. पुढच्या आयोगाच्या निधीची विभागणी ग्रामसेवकांकडून समजून घ्या. गावाच्या विकास आराखड्यात नाव आलं नाही तर पैसा असूनही काम होत नाही. आराखड्याची मोहीम साधारण २ ऑक्टोबरपासून सुरू होते. त्या ग्रामसभेला पालक आणि विशेषतः आया हजर असतील याची तजवीज करा. एकट्या गुरुजींनी उभं राहून मागितलं तर विषय "इतर" मध्ये जातो.

*खासदार-आमदार निधी.* खासदाराला वर्षाला ५ कोटी मिळतात, महाराष्ट्रात आमदारालाही आता तेवढेच. इथे नव्या माणसाचा हमखास गैरसमज होतो. लोकप्रतिनिधी फक्त कामाची शिफारस करतात. मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयातून, काम सरकारी यंत्रणेकडून, आणि शाळेच्या खात्यात रुपयाही येत नाही. हा निधी टिकाऊ मालमत्तेसाठी आहे. चेंडू आणि मानधन त्यातून मागू नका.

आणखी एक. या निधीतून हिरव्या-पिवळ्या यंत्रांची खुली व्यायामशाळा चटकन मंजूर होते, उद्घाटनही छान होतं. पण ती यंत्रं मोठ्या माणसांच्या मापाची असतात. पहिली-दुसरीचं पोर त्यात बोट अडकवून घेतं. देऊ केली तर नम्रपणे म्हणा, "साहेब, त्याऐवजी कुंपण करून द्या." कुंपण झालं की गुरं येत नाहीत, रात्रीची काचेच्या बाटल्यांची बैठक हटते आणि मैदान आपोआप वापरात येतं.

*कंपन्यांचा सीएसआर.* कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. अनुसूची सातमध्ये ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यतेचे, पॅरालिंपिक आणि ऑलिंपिक खेळ यांच्या प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. शिक्षण वेगळं आहेच. म्हणजे प्रशिक्षकाचं मानधन, जे सरकारी दारांवर मिळत नाही, ते इथे मागता येतं.

मुंबईतल्या मोठ्या नावांना पत्रं पाठवण्यात अर्थ नाही. कायदाच कंपनीला आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगतो. तालुक्याच्या एमआयडीसीत कोणते कारखाने आहेत याची यादी करा. कंपनीने सीएसआर समिती, धोरण आणि मंजूर प्रकल्प संकेतस्थळावर लावणं बंधनकारक आहे, ते वाचा. ज्या कंपनीने मागच्या वर्षी शाळांना बाक दिले, ती यंदा मैदानाचा विचार करील. मग कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात फोन न करता स्वतः जा.

इथले दोन खड्डे. खासगी संस्थेमार्फत पैसा घ्यायचा तर संस्थेची सीएसआर-१ नोंदणी (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची) लागते. १ एप्रिल २०२१ पासून ती सक्तीची आहे, आणि तिच्यासाठी सहसा १२ ए, ८० जी लागतं. शिवाय कामाचा किमान तीन वर्षांचा इतिहास सहसा दाखवावा लागतो. दुसरं, "आम्ही नोंदणी करून देतो, टक्केवारी द्या" म्हणणारे मध्यस्थ. त्यांना चहा पाजून वाटेला लावा. जिल्हा परिषदेच्या शाळेला कंपनी स्वतः किंवा आपल्या संस्थेमार्फत साहित्य देऊ शकते. बांधकाम असेल तर शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्या.

*विद्यांजली आणि गावकरी.* केंद्र सरकारच्या विद्यांजली पोर्टलवर सरकारी आणि अनुदानित शाळा आपल्या गरजा नोंदवतात आणि इच्छुक लोक साहित्य किंवा सेवा देतात. रोख पैसे नाहीत. निवृत्त खेळाडू, पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं, पुण्या-मुंबईत स्थिरावलेले माजी विद्यार्थी यांना इथे जोडून घ्या. "मदत करा" यापेक्षा "तिसरीच्या वर्गाला २५ दोऱ्या हव्यात" अशी नोंद लवकर पूर्ण होते.

६. अर्ज एका पानाचा

नमुना असा:

"आमच्या शाळेत पहिली ते सातवीचा पट ____ असून त्यात मुली ____ आहेत. शाळेच्या नावे ____ गुंठे मैदान आहे (उतारा जोडला आहे). कुंपण नसल्याने जनावरे येतात व खेळाचा तास घेता येत नाही. ____ मीटर तारेचे कुंपण व फाटक यांसाठी सोबतच्या अंदाजपत्रकानुसार ____ रुपये अपेक्षित आहेत. देखभालीची जबाबदारी शाळा व्यवस्थापन समितीने ठराव क्र. ____ नुसार घेतली आहे. मैदान शाळेच्या वेळेनंतर गावातील मुलांसाठी खुले राहील."

शेवटची ओळ गाळू नका. शाळेबाहेरच्या मुलांनाही उपयोग आहे हे दिसलं की ग्रामपंचायत आणि कंपनी दोघांनाही मान डोलावणं सोपं जातं. मुलींचा आकडा वेगळा द्या, दिव्यांग मुलं असतील तर त्यांच्यासाठीचं साहित्य यादीत वेगळं दाखवा. "सर्वांगीण विकास", "सुदृढ पिढी" असले शब्द काढून टाका. ते सगळ्यांच्याच अर्जात असतात.

सोबत केंद्र सरकारच्या फिट इंडिया मोहिमेचं शाळा प्रमाणपत्र जोडता आलं तर बरं. त्यासाठी पैसे पडत नाहीत. प्रशिक्षित शिक्षक, दोन मैदानी खेळांपुरती जागा, रोजचा खेळाचा तास आणि प्रत्येक मुलाला रोज तासभर हालचाल एवढ्या गोष्टींवर फिट इंडिया ध्वज मिळतो. त्याचं अनुदान नाही, पण शाळा आपलं काम करतेय हे दाखवणारा तो तयार पुरावा आहे.

अर्ज दिला की आवक क्रमांक आणि शिक्क्यासह पोच घ्या. महिन्याने त्या क्रमांकाचा हवाला देऊन स्मरणपत्र द्या. फाइल कुठल्या टेबलावर आहे हे साहेबांपेक्षा लिपिकाला ठाऊक असतं.

७. खरेदी

तीन दरपत्रकं घ्या, खरोखर तीन वेगळ्या दुकानांची. एकाच हस्ताक्षरातली तीन दरपत्रकं लेखापरीक्षकाला लांबून ओळखू येतात. दरपत्रकात वजन, आकार, साहित्याचा प्रकार लिहून घ्या. नुसतं "फुटबॉल, उत्तम प्रतीचा" चालत नाही. जीएसटी क्रमांक असलेलं पक्कं बिल शाळेच्या नावे, आणि पैसे खात्यातूनच. तालुक्याला एकच पुरवठादार सगळ्या शाळांना तयार "क्रीडा किट" देत फिरत असेल तर समितीला विचारल्याशिवाय हो म्हणू नका. तुमच्या यादीतलं त्यात काय आहे ते आधी टिक करून पाहा.

८. हिशोब

साहित्य आलं त्याच दिवशी नोंद करा. टिकाऊ वस्तू जडसंग्रहात, झिजणाऱ्या वस्तू साठा नोंदवहीत, खर्च कीर्दीत. प्रत्येक वस्तूवर रंगाने शाळेचं नाव आणि वर्ष घाला. वाटप केल्याचे आणि मुलं खेळतानाचे फोटो काढून ठेवा. उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचं) मुदतीत द्या, कारण मागचं प्रमाणपत्र बाकी असलं की पुढचं अनुदान तिथेच अडतं.

देणगी संस्थेला आली असेल तर पावती आणि ८० जीचं प्रमाणपत्र देणगीदाराला वेळेत पोहोचवा. त्यासाठी संस्थेने देणग्यांचं १० बीडी विवरणपत्र आयकर खात्याकडे ३१ मेपर्यंत भरायचं असतं. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला कर सवलत मिळत नाही, हे त्यांना आधीच सांगा.

चेंडू फुटतील, दोऱ्या तुटतील. फुटलेल्या साहित्याची निर्लेखनाची (नोंदवहीतून कमी करण्याची) यादी समितीपुढे ठेवून वर्षातून एकदा मंजूर करून घ्या. नाहीतर साहित्य फुटेल या धास्तीने कपाटाला कुलूप लागतं आणि नवे कोरे चेंडू आतच मऊ पडतात. किल्ली सातवीच्या दोन मुलांकडे द्या, एक वही द्या, नेलं-आणलं लिहायला सांगा.